सव्वा महिन्यानंतरचा लाडवांचा डबा: बाळंतपणानंतर वजन उतरवण्याची सविस्तर रीत

आमच्या सांगली भागात बाळंतीण माहेराहून सासरी निघाली की बाळाची दुपटी, झबली आणि टोपडी यांच्यासोबत लाडवांचा एक मोठा स्टीलचा डबा हमखास निघतो. तो संपत आला की दुसरा पोचतो, आणि दुसरा संपेपर्यंत बाळ रांगायला लागलेले असते. "बाळंतपण चांगलं मानवलंय" असे येथे कौतुकाने म्हणतात. त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की बाई अंगाने भरली आहे. दिवस राहण्यापूर्वी माझे वजन ५६ किलो होते. नवव्या महिन्यात ते ६९ झाले, दवाखान्यातून घरी आले तेव्हा ६३ होते, सहा आठवड्यांनी ६१ आणि साडेतीन महिन्यांनी पुन्हा ६६. म्हणजे ज्याला मी पुढे कित्येक महिने 'गरोदरपणाचे वजन' म्हणत राहिले, त्यातले निम्मे बाळ जन्मल्यानंतर चढलेले होते. सव्वा महिन्याचा आहार चुकीचा नव्हता. तो सव्वा महिन्यानंतरही तसाच चालू राहिला, हे चुकले.

म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्या एका प्रश्नाभोवती रचल्या आहेत: बाळंतिणीचा आहार केव्हा थांबवायचा, आणि त्याच्या जागी काय आणायचे?

पहिले सहा आठवडे: काटा कपाटात ठेवावा

प्रसूतीच्या वेळी बाळ, वार, गर्भजल आणि रक्त मिळून साधारण पाच ते सहा किलो वजन एकदम उतरते. त्यानंतरच्या काही दिवसांत अंगात साठलेले पाणी लघवी आणि घामावाटे जाते, त्यामुळे आणखी एक-दोन किलो आपोआप कमी होतात. गर्भाशय प्रसूतीनंतर लगेच सुमारे एक किलोचे असते. ते आकसत आकसत सहा आठवड्यांत १०० ग्रॅमच्या आत येते. घरी आल्यावरही पोट पाच-सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखे दिसते, त्याचे एक मोठे कारण हे असते, आणि त्यावर कोणत्याही उपासाचा उपाय नाही. या काळात खाणे कमी करू नये. टाके भरत असतात, रक्त गेलेले असते, आणि दुधाची बैठक बसायची असते.

करायच्या गोष्टी दोनच. पहिली, घरातल्या घरात थोडे थोडे चालणे. सिझेरियन झालेले असले तरी डॉक्टरांनी उठायला सांगितल्यापासून हे चालू करावे, फक्त बाळापेक्षा जड काही उचलू नये. पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची बादली, गॅसची टाकी ही सगळी कामे दुसऱ्यांची. दुसरी गोष्ट ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच बसल्या जागी आवळून पाच सेकंद धरायचे, सोडायचे, असे दहा वेळा आणि दिवसातून तीनदा. श्वास मात्र रोखायचा नाही. हे प्रत्यक्ष लघवी करताना करायचे नाही. स्नायू कोणता ते कळण्यापुरताच तो दाखला आहे. बाळ अंगावर पीत असताना हे सहज होते, आणि शिंकताना किंवा खोकताना लघवीचा थेंब जाण्याची तक्रार याने बरीच सुधारते. ही तक्रार बायका वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत, आणि मग भरभर चालायलाही नको म्हणतात.

शेक आणि पोट बांधणे यांबद्दल येथेच सांगून टाकते. शेकाने अंग मोकळे होते, घाम येतो, बरे वाटते. चरबी वितळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर ठेवूच नये, कारण तिचा विषारी वायू आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. सुती कापडाने पोट सैलसर बांधल्यास कमरेला आधार मिळतो, विशेषतः सिझेरियननंतर उठताना. पण श्वास अडकेल इतके आवळले तर तो सगळा दाब खाली, आधीच ताणलेल्या स्नायूंवर जातो. पाणी कमी पिण्याचे पथ्य सरळ सोडून द्यावे. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, ती भागवावी.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड भिजेल एवढे रक्त जाणे, टाक्यांतून पू येणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोके फुटेल असे दुखणे यांपैकी काहीही झाले तर घरगुती काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्रसूतीनंतरचा रक्तदाब सहा आठवड्यांपर्यंत घात करू शकतो.

डबा बंद करण्याचा दिवस

बाळाला सहाव्या आठवड्याची लस देण्यासाठी आरोग्य केंद्रात जावेच लागते. तोच दिवस आपल्या आहाराचा पालटता दिवस धरावा, आणि तेथील काट्यावर बाळापाठोपाठ आपणही उभे राहावे. त्या दिवशीचा आकडा हा आपला खरा आरंभ.

आता लाडवांचा हिशेब. मी एका दुपारी आईच्या हातचा एक डिंकाचा लाडू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. तो ६२ ग्रॅमचा निघाला. खारीक, सुके खोबरे, तुपात फुललेला डिंक, गूळ आणि वरून बदाम असा ऐवज असल्यावर एवढ्या लाडवात साधारण ३०० कॅलरी असतात. मी सकाळी एक आणि संध्याकाळी एक खात होते, म्हणजे दिवसाला ६००. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने दिवसाला जास्तीच्या लागतात त्या नेमक्या ६०० कॅलरी, आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२०. याचा अर्थ दुधासाठी लागणारी सगळी जादा गरज त्या दोन लाडवांतच भागत होती. अळिवाची खीर, भाकरीवरचे तूप, दुपारचा शिरा आणि बारशाला आलेले पेढे हे सगळे वरकड होते. शिवाय गरोदरपणात शरीराने जी चरबी साठवलेली असते ती दूध तयार करण्यासाठीच असते. बाहेरून सगळे मिळत राहिले तर शरीर त्या साठ्याला हात कशाला लावेल?

अडचण हिशेबाची नसते, घरातल्या माणसांची असते. "खा गं, अंगावर पितंय लेकरू. दूध आटलं म्हंजे?" असे आई म्हणते तेव्हा तिच्यापुढे कॅलरी मांडून उपयोग नाही. तिला असे सांगावे की दूध लाडवाने नव्हे, बाळाच्या ओढण्याने येते. बाळ जितक्या वेळा आणि जितके नीट पिईल, तितके पुढचे दूध तयार होते. बाळाची दिवसाला सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ लघवी होत असेल आणि दर लसीच्या खेपेला त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. आमच्या घरी तोडगा निघाला तो असा: आईने लाडू लिंबाएवढे वळायचे, साधारण २५ ग्रॅमचे, आणि मी दिवसाला एकच खायचा. उरलेला डबा दिरांनी आणि शेजारच्या मुलांनी आनंदाने संपवला.

ताटाचा हिशेब

बैठे जीवन असलेल्या ५५ किलोच्या स्त्रीची रोजची गरज सुमारे १६६० कॅलरी धरली जाते. दुधाचे ६०० मिळवले की २२६० होतात. यातून साडेतीन-चारशे कमी करून १८५० ते १९०० च्या आसपास राहावे, आणि डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय १८०० च्या खाली जाऊ नये. चालण्याची जोड दिली की आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरते. यापेक्षा घाई केली तर थकवा येतो, दूध कमी होऊ शकते आणि स्नायू झिजतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठभर गळतात ते मात्र बहुतेक वेळा प्रसूतीनंतरच्या संप्रेरकांच्या बदलाने. ते आपोआप थांबते, त्याला घाबरून पुन्हा लाडवांकडे वळू नये.

कॅलरी मोजत बसण्यापेक्षा प्रथिने मोजावीत, हे माझे मत. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६३ ग्रॅम प्रथिने लागतात आणि आपल्या बाळंतिणीच्या ताटात नेमकी तीच कमी पडतात, कारण डाळी 'वातूळ' म्हणून काढून टाकलेल्या असतात आणि जागा तूप-गुळाने भरलेली असते. शाळवाच्या (ज्वारीच्या) तीन भाकऱ्यांतून साधारण १५ ग्रॅम मिळतात. मटकीची उसळ आणि मुगाचे किंवा तुरीचे घट्ट वरण, दोन्ही एकेक वाटी, त्यांतून आणखी १४-१५. दोन ग्लास दूध किंवा तेवढेच दही १३, मूठभर भाजके शेंगदाणे ७, दोन उकडलेली अंडी १२. झाले ६० च्या वर. अंडे चालत नसेल तर साठ-सत्तर ग्रॅम पनीर किंवा उसळीच्या दीड-दोन वाट्या वाढवाव्यात. हुलग्याचे (कुळथाचे) माडगे, म्हणजे पिठाची पातळ पेज, आमच्याकडे बाळंतिणीला पूर्वीपासून देतात, आणि ते लाडवांपेक्षा कितीतरी गुणी आहे: गरम, पोटभरीचे, प्रथिनयुक्त, आणि गूळ आपल्या हातात. डाळीने बाळाचे पोट धरते हा समज सरसकट खरा नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळ दरवेळी कुरकुरत असेल तर तेवढा एक पदार्थ काही दिवस थांबवून पाहावा.

भाज्यांची येथे वानवा नाही. शेपू, मेथी, तांदळ, दोडका, दुधी, कृष्णाकाठची वांगी, काहीही करा, पण फोडणीचे तेल पळीने न ओतता चमच्याने मोजून घाला. तूप सोडायची गरज नाही. भाकरीवर एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ४५ कॅलरी, पुरेसे आहे. जेवणाच्या ताटात आधी भाजी आणि उसळ वाढून घ्यावी, मग भाकरी आणि शेवटी थोडा भात. गूळ साखरेपेक्षा हलका आहे अशा समजुतीने जास्त खाल्ला जातो. वजनाच्या बाबतीत दोघांत जवळजवळ फरक नाही.

घात होतो तो दुपारी चार ते सहाच्या दरम्यान. रात्रीची झोप झालेली नसते, बाळ नुकतेच निजलेले असते, आणि हात भडंगाच्या पिशवीकडे जातो. चुरमुरे हलके, पण सांगलीचे भडंग तेल, शेंगदाणे आणि मसाल्याशिवाय भडंग होत नाही, आणि ते एका वाटीवर थांबवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. या वेळेसाठी सकाळीच तयारी करून ठेवावी: उकडलेली मटकी कांदा-लिंबू घालून, ताक, एखादे पेरू किंवा केळे, मूठभर फुटाणे. दिवसाचे पाच चहा दोन-तीनवर आणावेत, साखर एकेक चमचा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात; आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. दोन्ही एकत्र घेऊ नयेत, मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. बऱ्याच जणी बाळ झाले की गोळ्या सोडतात, मग रक्त कमी राहते, जिना चढताना दम लागतो, आणि चालणे हे केवळ कागदावर उरते.

पोट: आधी तपासावे, मग व्यायाम

गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेपासून बाजूला सरकतात. अनेक जणींचे पोट सुटलेले दिसते ते चरबीमुळे कमी आणि या फटीमुळे जास्त. आठव्या आठवड्याच्या सुमारास ती घरीच तपासता येते. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, दोन-तीन बोटे बेंबीच्या थोडी वर आडवी टेकवावीत, आणि डोके व खांदे जमिनीपासून किंचित उचलावेत. दोन्ही बाजूंनी आवळत येणाऱ्या कडा बोटांना लागतात. त्यांच्यामध्ये दोनपेक्षा जास्त बोटे मावत असतील किंवा उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल, तर उठा-बशांसारखे पोटाचे व्यायाम आणि सूर्यनमस्कार तूर्त करू नयेत, फिजिओथेरपिस्टला दाखवावे. मोबाईलवरचे 'पंधरा दिवसांत सपाट पोट' प्रकारचे व्यायाम अशा पोटावर उलटे बसतात.

जो व्यायाम बहुतेकींना चालतो तो दिसायला अगदी साधा आहे. त्याच स्थितीत झोपून श्वास सोडताना बेंबी पाठीकडे ओढून घ्यावी, ओटीपोटाचे तळस्नायूही आवळावेत, पाच ते दहा सेकंद धरावे, दहा वेळा. चार-पाच दिवसांनी हेच करताना एक टाच पुढे सरकवून मागे आणावी, मग दुसरी. सिझेरियनच्या टाक्यांवर ओढ जाणवली तर तेथेच थांबावे. धावणे, उड्या आणि वजने उचलणे तर बारा आठवड्यांआधी नकोच. व्यायामानंतर अंगावरून जाणे पुन्हा लाल आणि जास्त झाले तर आपण घाई केली असे समजावे आणि काही दिवस मागे यावे.

चालणे

आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे हे गाठायचे माप आहे. भरभर म्हणजे बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. बाळाला पाजून लगेच निघावे, म्हणजे छाती हलकी राहते आणि परत येईपर्यंत तास-दीड तास मिळतो. साध्या व्यायामाने दूध 'आंबते' हे खरे नाही. आमराईतली सकाळ किंवा हरिपूरकडे जाणारा रस्ता चालायला उत्तम. एप्रिल-मेमध्ये मात्र आठच्या आत घरी यावे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की काठ विसरावा आणि गच्चीवर, नाहीतर घराच्या सोप्यातच (ओसरीत) फेऱ्या माराव्यात. मी जुलै-ऑगस्टचे दोन महिने बाळाला खांद्यावर घेऊन सोप्यातच चालले. तेरा पावलांची ती एक फेरी मला अजून पाठ आहे.

यासाठी घरातल्या कोणीतरी रोज अर्धा तास बाळ धरले पाहिजे. ते कोण आणि किती वाजता, हे सहाव्या आठवड्यातच ठरवून टाकावे. सासूबाईंना "जरा बघता का?" असे रोज विचारण्यापेक्षा "अहो, साडेसहा ते सात बाळ तुमच्याकडे" असे नवऱ्याशी ठरलेले असणे जास्त टिकते.

झोप, मन आणि उपास

झोप तुटली की भूक वाढते आणि गोडाकडे ओढ जाते. सलग आठ तास कोणालाच मिळत नाहीत, पण दुपारी बाळासोबत तास-दीड तास पडावे. तेवढ्या वेळात भांडी घासून होतील, पण वजन उतरणार नाही. पहिल्या दोन आठवड्यांत विनाकारण रडू येणे सर्वसाधारण आहे. त्यापुढेही उदासी, अपराधी वाटणे, खावेसे न वाटणे किंवा खातच राहणे चालू असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोलावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे.

गणपतीचे गाव असल्याने संकष्टी येथे मोडवत नाही. पाजणाऱ्या आईने निर्जळी उपास करू नये. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स आणि रात्री मोदक हा उपास वजन वाढवणारा आहे, हेही मान्य करावे. दही, फळे, राजगिऱ्याची भाकरी, थोडे शेंगदाणे एवढ्यावर तो निभतो. वजन उतरवण्याच्या गोळ्या, चूर्णे, इंजेक्शने आणि 'डिटॉक्स' चहा स्तनपानाच्या काळात घेऊ नयेत. गर्भनिरोधनाचे तीन महिन्यांचे इंजेक्शन घेतले असेल तर काहींचे वजन त्याने वाढते. तांबीने तसे होत नाही. साधन बदलायचे का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, मनाने बंद करू नये.

मोजमाप, आणि काटा हलत नसेल तर

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करावे. कमरेचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेपने घ्यावा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी तो ८० सेंटीमीटरच्या आत असावा असे मानले जाते. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लशींना पुन्हा केंद्रातल्या काट्यावर उभे राहावे, मग नवव्या महिन्यात. नऊ महिने चढलेले वजन उतरायला नऊ महिने ते वर्ष लागते. माझे बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला ५८ होते, आणि शेवटचे दोन किलो मी सोडून दिले.

दोन महिने नीट पाळूनही काटा जागचा हलत नसेल, फार थकवा असेल, थंडी सोसवत नसेल, पोट साफ होत नसेल, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करावी. प्रसूतीनंतरच्या वर्षात काही जणींची थायरॉइड ग्रंथी आधी जास्त आणि मग कमी काम करते, आणि ते सगळे 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून खपून जाते. सोबत हिमोग्लोबिन पाहावे. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी चुकवू नये, कारण अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. त्यानंतरही साखर वेळोवेळी तपासत राहावी. हे सगळे कागद बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवावेत. ती पिशवी घरात कधी हरवत नाही.